लाटांवर जाणाऱ्यांना किनाऱ्यावर नेमके काय हवे? ग्रामपंचायतीच्या निवेदनासाठी सूचना हव्यात

दर्याकाठ (धागाकर्ता)

नमस्कार.

मालवण तालुक्यातील आमच्या गावच्या पुळणीवर पर्यटकांसाठी सुविधा उभारण्याचा एक आराखडा ग्रामसभेपुढे आला आहे. त्यात कमान, फरसबंदी, सेल्फी पॉइंट आणि दोन उंच हायमास्ट दिवे आहेत. या पुळणीवर वर्षभरात नियमितपणे सर्फिंग करणारे आम्ही नऊ-दहा जण आहोत, शिवाय हंगामात बाहेरून शिकायला येणारे वेगळे. आराखडा पक्का होण्याआधी आम्हाला एक लेखी निवेदन द्यायचे आहे. आपल्यापैकी जे इतर किनाऱ्यांवर सर्फिंग करतात, त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा, ही विनंती.

आधी आमची अडचण सांगतो, कारण ती वेळेशी बांधलेली आहे. पहाटेपासून साधारण नऊपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो येणाऱ्या लाटेला समोरून भिडतो, त्यामुळे लाट काही क्षण अधिक उभी राहते आणि तिचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. दहा-अकराला खारा वारा सुरू झाला की पाणी विस्कटते. म्हणजे आमचा दिवस सहाला सुरू होतो आणि नऊला संपतो. पुळणीवर एक शौचालय आहे, पण त्याची किल्ली ज्या टपरीवर असते ती टपरी दहाला उघडते. गेल्या हंगामात शिकायला आलेल्या दोन मुलींना त्यासाठी सुरूच्या बनातून चालत जाऊन एका घरी विनंती करावी लागली. इमारत बांधली, फरशी बसवली, रंग दिला, पण ज्या वेळी तिची गरज असते त्या वेळी ती बंद असते. अशी इमारत नसल्यातच जमा आहे.

दुसरी गरज गोड्या पाण्याच्या नळाची. दोन-अडीच तास पाण्यात काढून बाहेर आले की अंगावरचे मीठ वाळू लागते आणि रॅशगार्डची, म्हणजे पाण्यात घालायच्या घट्ट सदऱ्याची, शिवण बगलेत घासून कातडी सोलवटते. बोर्डच्या तळाला बसवलेल्या फिन्सचे, म्हणजे कल्ल्यांचे, स्क्रू मिठाने गंजून जागीच अडकतात, मग ते काढताना खाचच मोडते. मे महिन्यात समुद्रातून डांबराचे गोळे वाहून येतात, तेव्हा तळव्यांना आणि बोर्डला चिकटलेले डांबर खोबरेल तेलाने सोडवून नंतर धुवावे लागते. आम्ही घरून पाच लिटरचे कॅन आणतो. बाहेरून आलेला माणूस ते कोठून आणणार?

तिसरी गरज सावलीतल्या मांडणीची. आठ-नऊ फुटी बोर्ड उन्हात पडून राहिला की वरचा थर आतल्या फोमपासून सुटतो आणि फुगा येतो. बांबूच्या चार आडव्या दांड्या, त्यांना गुंडाळलेला काथ्या आणि वर झावळ्यांचे छप्पर एवढे पुरे आहे.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या पुळणीच्या दक्षिण टोकाला व्हाळ, म्हणजे ओढा, समुद्राला मिळतो. तेथे पाण्याखाली वाळूत एक घळ तयार झालेली असते. किनाऱ्यावर लाटांनी आणलेले पाणी याच घळीतून परत बाहेर जाते, म्हणून तेथे बाहेरच्या बाजूला जोराची ओढ असते. घळीत पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत आणि ती जागा दिसायला सगळ्यांत शांत असते. मुलांना घेऊन आलेली कुटुंबे नेमकी तीच जागा निवडतात. मागच्या ऑक्टोबरात दोघे तरुण तेथून वाहून जाऊ लागले. ते किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारत होते आणि तरीही मागे मागे जात होते. आम्ही तिघे बोर्डवरून गेलो, त्यांना बोर्ड धरायला लावले, काठाला समांतर उत्तरेकडे नेले आणि लाटा फुटत होत्या तेथून आत आणले. एकाचे ओठ निळे पडले होते. त्याने माझ्या लीशला, म्हणजे बोर्ड पायाला बांधणाऱ्या दोरीला, घातलेली मूठ वाळूवर आल्यावरही सुटत नव्हती. त्या जागी सूचनाफलक नाही. जो आहे तो वाहनतळाजवळ आहे आणि त्यावर फक्त "समुद्रात पोहू नये" असे लिहिले आहे.

आराखड्यातील कमानीला माझा तात्त्विक विरोध नाही. पण कमानीच्या आधी नळ, उघडे शौचालय आणि व्हाळाच्या तोंडाशी फलक व्हावा, असे मला मनापासून वाटते.

सुरूची सावली

धागा काढल्याबद्दल आभार. मी ठाण्याहून वर्षातून तीन-चार वेळा सर्फिंगसाठी गोवा आणि सिंधुदुर्गात येते. आपल्या यादीत कपडे बदलण्याच्या खोलीचा उल्लेख नाही, तो कृपया करावा.

खोली असली तरी ती कशी आहे यावर सारे अवलंबून असते. एका किनाऱ्यावर बदलण्याची खोली चांगली उंच भिंतींची होती, पण तिला छप्पर नव्हते आणि शेजारच्या हॉटेलच्या गच्चीवरून आत सरळ दिसत होते. दुसरीकडे छप्पर होते, पण भिंतीत एकही खुंटी नव्हती. ओल्या, वाळूने भरलेल्या फरशीवर कोरडे कपडे ठेवायचे कोठे? एका हाताने पिशवी छातीशी धरून दुसऱ्या हाताने घट्ट चिकटलेला ओला रॅशगार्ड डोक्यावरून काढणे किती अवघड असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. म्हणून निवेदनात नुसते "चेंजिंग रूम" लिहू नका. छप्पर, आतून लागणारी कडी, तीन खुंट्या, बसायला एक कट्टा, झाकणाचा कचराडबा आणि पहाटे लागणारा दिवा, असे एकेक लिहा. जे कागदावर येत नाही ते कंत्राटदार करत नाही.

कडी लोखंडाची नको. खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात ती गंजून बसते आणि मग दार लागतच नाही.

नकाशावाला

मी व्यवसायाने नगररचनेच्या क्षेत्रात आहे, म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

१८ जानेवारी २०१९ च्या किनारपट्टी नियमन क्षेत्र अधिसूचनेत, म्हणजे ज्याला आपण सीआरझेड म्हणतो तीत, ग्रामीण किनाऱ्यांवर तात्पुरत्या पर्यटन सुविधांना वाव ठेवलेला आहे. शौचालय, कपडे बदलण्याची खोली, शॉवर, पिण्याचे पाणी, बसण्याची व्यवस्था आणि एकमेकांत अडकणाऱ्या ठोकळ्यांची पायवाट यांचा तीत स्पष्ट उल्लेख आहे. अट अशी की ही बांधकामे भरतीरेषेपासून किमान १० मीटर आत असावीत आणि किनारा व्यवस्थापन आराखड्यातील पर्यटन योजनेत ती समाविष्ट असावीत. याचा अर्थ आपण मागत असलेल्या जवळजवळ सर्व गोष्टी नियमात बसतात. उलट कमानीचा पक्का पाया आणि सलग फरसबंदी यांच्यासाठी परवानगीचा प्रश्न येईल. हा मुद्दा निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात घ्यावा. "आम्हाला हे आवडत नाही" यापेक्षा "हे नियमात बसते आणि ते बसणे कठीण आहे" याला ग्रामसभेत अधिक वजन असते.

हायमास्ट दिव्यांबद्दलही लिहा. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर उजेडाच्या दिशेने जातात. मोकळ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या क्षितिजाचा असतो, पण मागे झगझगीत दिवा असेल तर ती जमिनीकडे वळतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने कासवांच्या संवर्धनातून नाव मिळवले आहे आणि सिंधुदुर्गातही घरटी सापडतात. शौचालयाच्या दाराशी खाली झाकलेला, पिवळसर, कमी उंचीचा दिवा पुरेसा आहे.

रापणकर

मी याच पट्ट्यातला, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या मासेमारीवर, वाढलेला माणूस. सर्फिंगवाल्यांशी माझे भांडण नाही. ऑक्टोबरात तुम्ही बोर्डवरून माणसे काढलीत, तशी आमच्या लोकांनीही होड्यांतून कितीतरी काढली आहेत. पण पुळण म्हणजे आमचे कामाचे आवार आहे, हे निवेदनात कोठेही दिसले नाही तर ग्रामसभेत आमची माणसे उभी राहून विरोध करतील आणि तो विरोध योग्यच असेल.

तुमची बोर्डांची मांडणी कोठे येणार, ते आधी सांगा. होड्या वर ओढायची जागा ठरलेली असते. तीच जागा सपाट आणि सावलीजवळ असल्यामुळे बाहेरच्या माणसाला ती मोकळी वाटते. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते तेव्हा होड्या शाकारून तेथेच ठेवलेल्या असतात. मासळी सुकवायची जागाही अशीच मोकळी दिसते. तेथे पायवाट आली तर आमच्या बायकांनी सुकवण कोठे घालायचे?

दुसरे असे की रापण लावलेली असताना पाण्यात बोर्ड नको. जाळे अर्धवर्तुळात टाकून दोन्ही बाजूंनी दोर ओढत आणायला बराच वेळ लागतो. त्यात बोर्डची फिन अडकली तर जाळे फाटते आणि माणूसही गुंततो. आम्ही दोन्ही टोकांना काठीवर कापड लावू, ते दिसले की तुम्ही उत्तरेला जावे.

आता नळाचे. तो नळ आम्हालाही हवा आहे, तुमच्यापेक्षा जास्त हवा आहे. रापण आल्यावर मासळी निवडून तेथेच विकायला बसणाऱ्या बायका दिवसभर खाऱ्या पाण्याने हात धुतात. त्यांच्या बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असतात आणि त्यांत मीठ जाते. "सर्फिंग करणाऱ्यांसाठी नळ" असे लिहाल तर तो पर्यटनाचा नळ होईल आणि हंगाम संपला की बंद होईल. "पुळणीवरचा नळ" असे लिहा.

दर्याकाठ

रापणकर, आपले म्हणणे शब्दशः मान्य आहे आणि ते मला आधी सुचायला हवे होते. मांडणीची जागा आपण दाखवाल तीच राहील. निवेदनावर रापण संघाचीही सही असावी, यासाठी मी स्वतः येऊन भेटतो.

सिडनीकर

मी गेली अकरा वर्षे सिडनीत राहतो आणि मॅन्लीच्या परिसरात सर्फिंग करतो. येथील बहुतेक किनाऱ्यांवर उघडा शॉवर, पाय धुण्याचा बुटका नळ, पिण्याच्या पाण्याची तोटी आणि सार्वजनिक शौचालय असते आणि त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. पाण्यात लाल-पिवळ्या झेंड्यांमधला पट्टा पोहणाऱ्यांचा असतो. तेथे बोर्ड नेता येत नाही. बोर्डसाठी वेगळा पट्टा आखायचा असेल तर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा लावतात. तो आंतरराष्ट्रीय संकेत आहे, गावातही वापरता येईल.

परंतु मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. येथे एकेकाळी सगळ्या सोयी होत्या आणि पाणी मात्र घाण होते. नॉर्थ हेड, बाँडाय आणि मालाबार येथील कड्यांच्या पायथ्याशी शहराचे सांडपाणी समुद्रात सुटत असे. लोकांनी बराच काळ आवाज उठवल्यानंतर १९९०-९१ मध्ये ते पाणी बोगद्यांतून काही किलोमीटर आत खोल समुद्रात सोडले जाऊ लागले. १९८९ पासून बीचवॉच या सरकारी कार्यक्रमात किनाऱ्यांच्या पाण्याचे नमुने तपासून निष्कर्ष जाहीर केले जातात. जोराच्या पावसानंतर खुल्या समुद्रात किमान एक दिवस आणि खाडीत तीन दिवस पोहू नये, असा त्यांचा सल्ला असतो. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या सर्फर मंडळींनी १९९० मध्ये सांडपाण्याविरुद्ध संघटनाच उभी केली. लाटेखाली जाणाऱ्या माणसाच्या नाका-कानात पाणी जातेच, म्हणून ही माणसे या बाबतीत सगळ्यांत आधी बोलतात.

आपल्या गावात व्हाळ आहे. नव्या शौचालयाचा शोषखड्डा त्या व्हाळाजवळ आला तर पहिल्या पावसात तो थेट लाटांत येईल. शौचालय मागताना त्याचे पाणी कोठे जाणार, हेही मागून घ्या. स्वच्छ किनाऱ्यांना मिळणाऱ्या "ब्लू फ्लॅग" या आंतरराष्ट्रीय मानांकनात दर १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू २५० पर्यंत आणि आतड्यांतील एन्टेरोकोकाय १०० पर्यंत, अशी मर्यादा आहे. हंगामातून दोनदा जरी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना गेला आणि आकडा फलकावर खडूने लिहिला, तरी ती माझ्या मते सेल्फी पॉइंटपेक्षा मोठी सुविधा ठरेल.

तेरेखोलपलीकडे

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत आणि त्यामुळे पडलेला फरक आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. तरीही पहाटे सहाला त्यांची पाळी सुरू झालेली नसते. म्हणजे सर्फिंगच्या वेळेला पाण्यातले लोकच एकमेकांचे जीवरक्षक असतात. यासाठी व्हाळाच्या तोंडाशी खांबावर एक लाल रंगाची फेकण्याची रिंग आणि ३० मीटर दोर ठेवायला सांगा. त्या खांबाला क्रमांक द्या, म्हणजे फोनवर "खांब दोनजवळ या" एवढे सांगता येते. फलकावर रुग्णवाहिकेचा १०८ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन क्रमांक असावेत.

प्रथमोपचार पेटीत बँडेजबरोबर थर्मास आणि मोठे पातेले ठेवा. हे ऐकायला विचित्र वाटेल. वाळूत दबून बसलेल्या पाकटावर, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशावर, पाय पडला की तो काटा घोट्यात घुसतो आणि वेदना असह्य होते. सोसवेल इतक्या गरम, साधारण ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवला की वेदना उतरते आणि मग दवाखान्यात जाता येते. गरम पाणी ही टपरीवरसुद्धा मिळणारी गोष्ट आहे, पण ती मागायची असते हे कोणाला तरी माहीत असावे लागते.

पाण्याचा हिशोब

मला प्रामाणिकपणे विचारायचे आहे की पाणी आणणार कोठून? एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरी खाली जातात आणि उपसा वाढला की त्या मचूळ होतात. गावात टँकर येत असताना पर्यटकांनी शॉवरखाली उभे राहावे, हे कोणालाच पटणार नाही. कॅलिफोर्नियात २०१५ च्या दुष्काळात राज्याच्या ताब्यातील किनाऱ्यांवरचे शॉवर बंद केले होते. मी तेव्हा तेथे शिकत होतो. सर्फिंग करणाऱ्यांनी ते समजून घेतले आणि घरून पाण्याचे कॅन आणले.

दर्याकाठ

प्रश्न रास्त आहे, म्हणून कालच आम्ही मोजणी केली. एका मित्राच्या घरचा दाबाचा नळ, म्हणजे दाबला की थोडा वेळ चालून आपोआप बंद होणारा, आठ सेकंद वाहतो. त्याच नळाखाली १० लिटरची बादली भरायला ५५ सेकंद लागले. म्हणजे एका दाबात दीड लिटरपेक्षा थोडे कमी पाणी. डोके, अंग आणि पाय धुवायला तीन दाब, बोर्डला आणखी एक, असे माणशी सहा लिटर धरू. साध्या दिवशी ४० माणसे म्हणजे २४० लिटर आणि दिवाळीच्या गर्दीत ३०० माणसे म्हणजे १८०० लिटर. दोन हजार लिटरची एक टाकी पुरते. पावसाळ्यानंतर जानेवारीपर्यंत विहिरीला भरपूर पाणी असते. एप्रिल-मेमध्ये शॉवर बंद ठेवून फक्त हात-पाय धुण्याचा आणि पिण्याच्या पाण्याचा नळ चालू ठेवावा, असे आम्ही स्वतःच निवेदनात लिहू. साबणाला मनाई असेल, म्हणजे वाहिलेले पाणी थेट मागच्या माडांना देता येईल.

तोटी पितळेची मागणार आहे. स्टेनलेस स्टील घ्यायचेच झाले तर ३१६ प्रतीचे घ्यावे, कारण नेहमीच्या ३०४ प्रतीवर समुद्राकाठी लवकरच गंजाचे ठिपके पडतात.

नवखा

मी अजून एकदाही सर्फिंग केलेले नाही, पण शिकायचे आहे. फलकावर त्या दिवशीच्या लाटांची माहिती लिहिता येईल का? आम्हाला बघून काही कळत नाही.

तेरेखोलपलीकडे

जरूर येईल. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे प्रसिद्ध करते. फलकावर उंची आणि दोन लाटांमधले सेकंद, दोन्ही लिहावे. एक मीटरची लाट सहा सेकंदांनी येत असेल तर ती नवख्याला शिकवते, आणि तीच चौदा सेकंदांनी येत असेल तर तिच्यामागे पुष्कळ जास्त ताकद असते. उंची तीच असल्यामुळे काठावरून आपली फसगत होते.

सुरूची सावली

किल्लीचे काय ठरले? बाकी सगळे झाले आणि किल्ली टपरीवरच राहिली तर आपण पुन्हा पहिल्या जागी येऊ.

दर्याकाठ

ठरले आहे. गावातील महिला बचतगटाशी बोलणे झाले. पहाटे साडेपाचला उघडणे, दिवसातून तीनदा धुणे आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद करणे, या कामाचा मासिक मोबदला आराखड्यातच धरावा, अशी मागणी आहे. एकदाच्या बांधकामाला निधी मिळतो आणि रोजच्या झाडूला मिळत नाही, हे आम्ही जुन्या शौचालयात पाहिले आहे. म्हणून कमान आणि सेल्फी पॉइंट वगळून वाचणारी रक्कम तीन वर्षांच्या देखभालीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावी, असे लिहिले आहे. सर्फिंग करणारे आम्ही सगळे मिळून दर महिन्याला ठरावीक वर्गणी त्यात घालू.

फलकाचा मजकूर असा केला आहे: "येथे पाणी शांत दिसते कारण खाली खोल घळ आहे. येथे उतरू नका. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका. तरंगत राहा, हात वर करा, काठाला समांतर उत्तरेकडे सरका." घळ पावसाळ्यानंतर जागा बदलते, म्हणून फलक हलवता येईल असा, पत्र्याच्या पिंपात रोवलेला असेल. दरवर्षी सप्टेंबरात रापण संघाने जागा दाखवायची आणि आम्ही पिंप सरकवायचे.

आता एकच काम उरले आहे. नळ आणि खोली भरतीरेषेपासून किती अंतरावर येते, ते मोजायचे आहे.

नकाशावाला

कायद्यातील भरतीरेषा मंजूर नकाशावरचीच धरतात, डोळ्यांनी पाहिलेली चालत नाही. नकाशाची प्रत मी मिळवून देतो. पण प्रत्यक्ष पाणी कोठपर्यंत येते, तेही खुणेने दाखवा. ग्रामसभेला ते लगेच पटते.

रापणकर

अमावास्येनंतर उधाण येईल. दुपारच्या भरतीला या, मी चार खुंट आणि सुतळी घेऊन येतो. येताना बोर्ड आणू नका, त्या दिवशी रापण आहे.